लाल धाग्याचा दोर

१२ मार्च २०१३, मंगळवार

कारखान्याच्या नोंदवहीत मी फक्त आकडे लिहिते. जे आकड्यात बसत नाही त्यासाठी ही वही. कुणाला दाखवायची नाही.

आष्टीच्या बाहेर, माळावर, आमची दोर बनवणारी सहकारी संस्था आहे. एक लाइन, एक लांबलचक शेड, अकरा माणसं. तपासणीचं काम माझ्याकडे. संस्थेत रुजू होऊन महिना झाला. सिरसाळ्याहून आई फोनवर विचारते, माणसं कशी आहेत. मी सांगते, ठीक आहेत.

लाइनचं काम असं चालतं. पॉलिप्रॉपिलीनचे पांढरे दाणे दोनशे चाळीस अंशांवर वितळतात आणि एका अरुंद फटीतून पातळ पडद्यासारखे खाली उतरतात. खाली पत्र्याची पाणपेटी आहे. पडदा तिच्यात बुडतो आणि पलीकडे फिल्म होऊन निघतो. फिल्म चिरून फिती, फिती भट्टीतून ओढून सहापट लांब, मग पीळ, मग दोर. पाणपेटीतलं पाणी जमिनीखालच्या टाकीतून पंपाने फिरत राहतं. टाकी खोल आहे, म्हणून पाणी उन्हाळ्यातही गार असतं.

आज माझी एक सूचना मान्य झाली. सकाळच्या दोरात एक हिरवा धागा घालायचा, जेवणानंतरच्या दोरात लाल. पुढे काही बिघडलं तर कळेल तरी केव्हाचं. लाइन चालवणारा बंकट पन्नाशीचा, टोपी कधी न काढणारा माणूस. म्हणाला, "दोराला बी कुंकू लावायलात का, मॅडम?"

बाकीचे हसले. मी हसले नाही. हसायला हवं होतं का, कळत नाही.

१६ मार्च, शनिवार

शेडमागच्या मैदानात चारा छावणी उघडली. चालवणार संस्थाच. चेअरमन सुंदररावांचा हुकूम कडक आहे: छावणीचं पाणी वेगळं, कारखान्याचं वेगळं. दोन्हींचे हिशेब वेगवेगळे तपासले जाणार, त्यामुळे इकडची बादली तिकडे जायला नको.

छावणीचा टँकर सकाळीच येतो आणि पत्र्यासकट उन्हात तापत उभा राहतो. दुपारी जनावरांच्या हौदात पाणी सोडलं की गुरं येतात, नाक लावतात, मान फिरवतात. बंकटची बहीण बायनाबाई तिथे एक बैल आणि एक गाय घेऊन राहिली आहे. तिचा नवरा गेला, दुसरा बैल मागच्या महिन्यात विकावा लागला. मला म्हणाली, "ऊन पाणी हाय, माय. तोंड लावत न्हाईत. तहानेनं मरतील पर लावणार न्हाईत."

मी म्हटलं, सावली करून घ्या टँकरला. तिने सगळीकडे नजर फिरवून माझ्याकडे पाहिलं. माळावर एक झाड नाही, हे मला नंतर लक्षात आलं.

२० मार्च, बुधवार

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. सकाळची फिल्म काचेसारखी नितळ निघते, तिच्यामागे वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता येते. गेले तीन दिवस जेवणानंतरची फिल्म दुधट निघते आहे. नासलेल्या दुधावरच्या पाण्यासारखा रंग. ओढताना ती तटातट तुटते. बंकट ओढ कमी करतो आणि काम पुढे रेटतो. पीळ घातल्यावर मात्र दोन्ही दोर सारखेच पांढरे दिसतात. धागा नसता तर मलाही ओळखता आले नसते.

माल तोच, उष्णता तीच, माणसं तीच. पाणपेटीचा तापमापकही पाहिला. एकतीस अंश. सकाळी मी स्वतः काचेचा तापमापक पेटीत बुडवून ताडून पाहिला होता, बरोबर होता. दुपारभर जाता-येता पाहिलं, काटा एकतीसवरून केसभर हलला नाही. इतका स्थिर काटा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता. पाण्याची बाजू तरी पक्की आहे.

छावणीतली गुरं आता पाणी पितात. सवय झाली असावी.

२३ मार्च, शनिवार

दुपारी एक बैल दावं तोडून सरळ ऑफिसात शिरला. बायनाबाईचाच. सुंदरराव कुणाशी तरी फोनवर बोलत होते. बैलाने भिंतीवरचं कॅलेंडर मार्चपासून डिसेंबरपर्यंत खाल्लं.

सुंदरराव खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "अरे बंकट, धर की बे त्याला! पुढचं साल बी खाईल!"

बैल बाहेर नेल्यावर त्यांनी तुटलेलं दावं माझ्या टेबलावर टाकलं. "मॅडम, आपल्याच संस्थेचा दोर आन आपल्याच छावणीत तुटतो. बाजारात कळलं तर लोक आपल्याला कडब्याच्या पेंढ्या बांधायला बी ठेवणार न्हाईत."

दाव्यात लाल धागा होता.

मी ओढून पाहणाऱ्या यंत्रावर दोन्ही दोर लावले. पेन्सिलीएवढ्या जाडीचा हिरव्या धाग्याचा दोर तीनशे दहा किलोवर तुटला. लाल धाग्याचा एक तुकडा एकशे चाळीसवर, दुसरा नव्वदवर, तिसरा एकशे पंचवीसवर. कमी भरणं एक वेळ समजू शकते. एकाच दोराने तीन वेळा तीन उत्तरं द्यावीत, याची मला भीती वाटते.

सुंदररावांना सांगितलं, लाल धाग्याची विक्री थांबवा. ते म्हणाले, कारण सांगा, थांबवतो. दाण्यात भेसळ असावी, असा माझा अंदाज सांगितला. "अंदाजावर संस्था चालत न्हाई, मॅडम." ते बरोबर बोलले. मला राग आला तो त्यामुळेच.

२५ मार्च, सोमवार

आज जे पाहिलं ते नीट लिहायचा प्रयत्न करते.

कपाटात ध्रुवित प्रकाशाचा एक जुना सूक्ष्मदर्शक होता, अनुदानात आलेला, खोक्यातून न काढलेला. लोखंडी ठोकळ्याला भोक पाडून, खाली हीटर लावून, मी त्याच्यासाठी एक गरम बैठक बनवली. काचपट्टीवर दाण्याचा एक कण ठेवला, वितळवला आणि एकशे तीस अंशांवर धरला.

आधी नुसता काळोख. वितळलेल्या मालात कशालाच दिशा नसते, म्हणून काही दिसत नाही. मग काळोखात एक ठिपका उजळला. त्याच्यापासून दूर दुसरा. ठिपका वाढू लागला, चारी बाजूंनी सारखा, गोल. प्रत्येक गोलावर एक काळी फुली, आणि फुलीच्या चार कोनांत चार उजळ पाकळ्या. गोल वाढतच होते. कुणी त्यांना सांगत नव्हतं. मी श्वास घेत नव्हते, हे काच धूसर होईना तेव्हा लक्षात आलं.

दोन गोल एकमेकांना भेटले की थांबतात आणि मध्ये रेषा पडते, दोन वावरांमधल्या बांधासारखी. दोघांचा जन्म एकाच वेळचा असेल तर बांध सरळ, एक मागून आला असेल तर बांध वाकडा, थोरल्याकडून धाकट्याकडे झुकलेला. शेवटी सगळा काळोख वाटला जातो. एक रेषभरही पडीक राहत नाही.

ही प्लास्टिकची लांब लांब साखळी. वितळलेली असते तेव्हा गुंता. थंड होताना ती मागे-पुढे घड्या घालत बसते, घडीवर घडी, पापुद्र्यावर पापुद्रा, आणि हे पापुद्रे मधल्या ठिपक्यापासून किरणांसारखे पसरतात. उष्णता जास्त धरली की ठिपके थोडे उगवतात, पण प्रत्येकाला वाढायला निवांत वेळ मिळतो. घड्या जाड, गोल मोठे, बांध ठसठशीत.

मग दुसरा कण वितळवून गार पाण्यात बुडवला आणि पाहिला. जवळजवळ काहीच नाही. अंधुक, बारीक, धुळीसारखी चमक. तिथे साखळ्यांना घडी घालायला वेळच मिळालेला नसतो. अर्ध्या रांगेत उभ्या असतानाच त्या गोठतात. पुरता स्फटिक नाही, पुरता गुंताही नाही. आणि तीच अवस्था ओढायला उत्तम. अर्धी रांग ओढली की सगळ्या साखळ्या एका दिशेला उभ्या राहतात, मजबूत होतात. मोठे गोल ओढले की ते उलगडत नाहीत, बांधाबांधावर फाटतात.

हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. गुणही पडले होते. पाहिलं आज. एकच कण, एकच काच. फरक फक्त कुठल्या उष्णतेला तो थांबला एवढाच, आणि आत वेगळंच गाव वसलं.

दुपारच्या दुधट फिल्मचा तुकडा शेवटी ठेवला. गोल होते. फुल्याही होत्या. म्हणजे दुपारी फिल्म सावकाश थंड होते आहे. पण काटा तर एकतीस दाखवतो. मग दाण्यातच काहीतरी असलं पाहिजे.

२९ मार्च, शुक्रवार

बायनाबाई तपासणीच्या खोलीच्या दारात उभी होती. "दिवसभर त्या नळीत काय बघता, माय? बंकट म्हनतो, मॅडमला नळीत देव दिसला."

मी तिला स्टुलावर बसवलं आणि गोल वाढताना दाखवले. तिने नळीला डोळा लावला. डोळा न काढता म्हणाली, "ह्यो वाढायलाय."

"हो."

"जित्ता हाय?"

"नाही."

"मंग कावून वाढतो?"

मला उत्तर येतं. घडी घातल्याने साखळीची ऊर्जा कमी होते, म्हणून. पण ते उत्तर तिच्या प्रश्नाचं नव्हतं. मी म्हटलं, "त्याला जागा आणि वेळ मिळाला की वाढतो."

"अन् थांबतो कवा?"

"दुसरा आडवा आला की."

"मान्सावानीच की." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "तुमी चांगल्या हाव, माय. आमच्या बंकटला उगाच भ्या वाटतं तुमचं."

त्याने भ्यावं असं मी काही केलेलं नाही. पण गेले काही दिवस तो माझ्याकडे पाहणं टाळतो, हे खरं. दुपारी मी खोलीतून बाहेर आले की त्याला नेमकं शेडमागे काम निघतं. टाकीच्या झाकणाभोवती जमीन ओली असते. खुरांचे ठसेही दिसले. टाकी झिरपते का म्हणून संध्याकाळी काठी घालून पाणी मोजलं. बरोबर भरलेली होती.

२ एप्रिल, मंगळवार

दाण्यांच्या तीन वेगवेगळ्या गोण्या तपासल्या. तिन्हींत फरक नाही. माझा अंदाज चुकला.

आता एकच शक्यता राहते आणि ती लिहायला आवडत नाही. बंकट मुद्दाम काहीतरी करतो आहे. बाईच्या हाताखाली काम करणं त्याला आवडत नसेल. आज विचारलं, "दुपारी तुम्ही लाइनमध्ये काही बदलता का?" तो टोपी नीट करत म्हणाला, "मी काय बदलनार, मॅडम? मशीन हाय. ती तिची चालती."

खोटं बोलताना लोक टोपीला हात लावतात की नाही, याचा माझ्याकडे पुरावा नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

सापडलं.

जेवणानंतर फिल्म फाटून पाणपेटीत अडकली. बाकीचे पलीकडच्या टोकाला होते, म्हणून मीच हात घालून ओढायला गेले आणि हात झटकन मागे घेतला. काचेचा तापमापक आणून बुडवला. सत्तावन्न. वर काटा शांतपणे एकतीस दाखवत होता.

मी तापमापकाची नळी धरून मागे मागे गेले. तो पेटीत नव्हताच. टाकीतून येणाऱ्या पाइपात बसवलेला होता. पंप चालू असताना पाइपात आणि पेटीत एकच पाणी, म्हणून सकाळी बरोबर. आता पेटीकडची कळ बंद होती. पाइपातलं गार पाणी जागच्या जागी उभं होतं आणि काटा इमानदारीने त्याचंच तापमान सांगत होता.

त्याच्या बरंच अलीकडे, टाकीजवळ, पाइपाची दुसरी कळ उघडी होती. तिला लावलेली नळी शेडमागे गेली होती. मीही गेले.

टाकीतलं गार पाणी जनावरांच्या हौदात पडत होतं. गुरांनी माना खाली घातल्या होत्या. पिण्याचा आवाज किती मोठा असतो, मला माहीत नव्हतं. दुसऱ्या नळीने टँकरचं तापलेलं पाणी आमच्या टाकीत उतरत होतं. मध्ये बंकट उभा होता. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"हे काय आहे?"

"अदलाबदल, मॅडम. हौदाला जेवढं सोडलं तेवढं टँकरचं टाकीत. एक हंडा इकडं तिकडं न्हाई. संध्याकाळी तुमी काठी घालून बघितलं, भरलं का न्हाई बरोबर?"

"भरलं."

"रातीतून टाकीत ते बी गार होतं. सकाळी कुनाला कळत न्हाई." त्याचा आवाज खाली गेला. "जनावर ऊन पानी पीत न्हाई, मॅडम. मशीनला काय जीभ हाय का?"

त्याच्या हिशेबात चूक नव्हती. थेंबाला थेंब दिला होता. फक्त उष्णता कुणी मोजली नव्हती. सव्वीस अंशांच्या फरकाने इथे बैल जगत होता आणि तिथे, फिल्मच्या आत, मोठे मोठे गोल शांतपणे वाढत होते, फुल्या घालून, बांध टाकत.

मी म्हटलं, "आहे. मशीनला जीभ आहे."

त्याला तपासणीच्या खोलीत नेलं. आधी सकाळची फिल्म दाखवली, मग दुपारची. दुसरी पाहताना तो जागचा हलला नाही. मग विचारलं, "हे मी केलं?"

"पाण्याने केलं."

"किती दोर गेला असंल बाहेर?"

तो प्रश्न आधी मी विचारायला हवा होता.

६ एप्रिल, शनिवार

सुंदरराव आधी बंकटवर तुटून पडले. आजच घरी जा म्हणाले. मी सांगितलं, तापमापक चुकीच्या जागी आहे आणि तो कुठे बसवलाय हे न बघता मी खरा मानला. बंकटला काढायचं असेल तर दोघांची नावं लिहा. त्यांनी तो विषय सोडला.

मग मी लाल धाग्याचा सगळा दोर परत मागवायला सांगितलं.

"भोंगा लावून सांगू का, आमचा दोर खराब हाय म्हनून? मॅडम, या जिल्ह्यात संस्था बुडायला पाणी लागत न्हाई, बोंब लागती."

"पोहऱ्याचा दोर म्हणून विकलाय तो. विहिरी आटल्यात. लोक आता पोहरा नाही सोडत, माणूस सोडतात. दोर तुटला तर बोंब विहिरीतून येईल."

सुंदररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ड्रायव्हरला हाक मारली. भोंग्यावर स्वतःच बोलले. आष्टीच्या बाजारात मी जीपमध्ये मागे बसले होते. "लाल धाग्याचा दोर परत आना, हिरव्या धाग्याचा फुकट घेऊन जा. चूक संस्थेची हाय. चेअरमन सुंदरराव बोलतोय." सुरुवातीला आवाज अडखळत होता, पुढे नाही.

संध्याकाळपर्यंत दोरांचा ढीग झाला. लोक कुरकुरले, थोडे हसले, पण आले. दोर परत करायला आलेला एक म्हातारा म्हणाला, डोंगराकडच्या वस्तीवर धुळाजी मेंढपाळाने असाच दोर नेला आहे. त्याची सून केशरबाई रोज त्यावर विहिरीत उतरते.

अंधार पडला होता. वस्तीवर फोन लागत नाही. झोप आली नाही. उकाडा फार आहे.

७ एप्रिल, रविवार

उजाडताच जीप निघाली. बंकट, मी आणि हिरव्या धाग्याचा दोर.

विहीर वस्तीच्या खाली. काठावर धुळाजी आणि दोन बायका दोर धरून ओढत होत्या. म्हणजे केशरबाई खाली नव्हती. अधांतरी होती. पाय दगडांत रोवत, कमरेला दोर, एका हातात हंडा, अर्ध्या उंचीवर. दोर काठावरच्या लाकडावरून घासत वर येत होता आणि त्यातला लाल धागा एकेक वीत वर सरकताना मला दिसत होता.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्यांनी दोर झटकला असता. बंकटने आमच्या दोराला फास मारून तो हळूच खाली सोडला.

"पोरी, ह्यो दोर बगलंत घाल."

खालून आवाज आला, "कावून? हा काय वाईट हाय का?"

"घाल म्हनतो ना, माय."

"हातात हंडा हाय माझ्या!"

"सोड हंडा!"

"सोडू? वाटी वाटीनं भरलाय मी! तुमी कोन सोड म्हननारे?"

तिने हंडा सोडला नाही. तो गुडघ्यावर टेकवून, दाताने फास ओढून, एक हात आत घातला, मग दुसरा. दोन्ही दोर ताठ झाले. मी आमचा धरला होता. धरला कधी ते आठवत नाही. घरी आल्यावर तळव्यांची सालं निघालेली पाहिली तेव्हा कळलं.

ती काठावर आली, हंडा खाली ठेवला, त्यात बोट बुडवून किती सांडलं ते पाहिलं, मग आम्हाला शिव्या दिल्या. माझ्याच वयाची असेल.

धुळाजीकडे लाल दोर मागितला तेव्हा तो म्हणाला, "दोर चांगला हाय की. पंधरा रोज झाले, त्याच्यावरच उतरती पोर."

मी मागे दगडावर बसले. केशरबाईने हंड्यातलं पाणी ओंजळभर माझ्यापुढे धरलं. तेच पाणी. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "पी. तोंड बघ तुझं." प्यायले.

११ एप्रिल, गुरुवार, पाडवा

आज सुट्टी, पण सगळे आले होते.

प्रश्न सोपा होता: गुरांनाही गार पाणी हवं आणि पाणपेटीलाही. टाकी एक. मी हिशेब केला. फिल्म जेवढी उष्णता पाण्यात सोडते तेवढी घालवायला तासाला साधारण पंधरा लिटर पाणी हवेत उडावं लागेल. दिवसभरात दोन-तीन बैलांचं पिणं. सुंदररावांना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "एवढंच?"

बायनाबाई आणि छावणीतल्या बायकांनी गोणपाटं जोडून लांब पडदे शिवले. शेडमागे बांबूंच्या चौकटीवर टांगले. वरच्या भोकं पाडलेल्या नळीतून पाणी गोणपाटावर झिरपतं आणि खालच्या पन्हाळीत गोळा होतं. टँकरचं पाणी आधी त्यावरून, मग हौदात. पेटीचंही त्यावरून, मग टाकीत.

बाहेर एक्केचाळीस अंश. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. पन्हाळीत तापमापक धरला. एकोणतीस. थांबले. सत्तावीस. बंकट खांद्यावरून वाकून पाहत होता. पंचवीस.

"बर्फ टाकला का कुनी?" तो म्हणाला.

बर्फ नाही. ज्या कोरड्या हवेने विहिरी आटवल्या, तीच हवा पाण्याला गार करत होती. जितकी कोरडी, तितकं जास्त. माठात हे रोज होतं आणि मी कधी नीट बघितलं नव्हतं. पन्हाळीतून ते पाणी टाकीत, टाकीतून पेटीत जाईल, आणि पेटीत कोट्यवधी साखळ्या घडी घालायच्या आत अर्ध्या रांगेत थबकतील, आणि कुठल्यातरी विहिरीवर दोर टिकेल. या सगळ्याच्या मधोमध एक ओलं गोणपाट. मी तिथे उभी राहिले.

दुपारची फिल्म नितळ निघाली. सुंदररावांनी तिच्यामागे वर्तमानपत्र धरून बातमी मोठ्याने वाचली. बातमी टँकरच्या फेऱ्या वाढवण्याची होती.

बायनाबाईच्या बैलाने पाण्यात नाकापर्यंत तोंड घातलं.

१८ एप्रिल, गुरुवार

तापमापक आता पेटीत आहे. काटा थरथरतो, दोन अंश वर, एक खाली. बरं वाटतं बघायला.

परत आलेला लाल दोर वितळवायला पाठवायचा आहे. त्याआधी प्रत्येकातला तुकडा ओढून मी आकडा लिहिते आहे. सगळे झाले. एक उरला. धुळाजीचा.

तो यंत्रापर्यंत नेला. लाकडावर घासलेली जागा तुसासारखी फुलली आहे. त्याऐवजी खिडकीशी बसून ज्या दुपारी तो दोर झाला त्या दुपारच्या फिल्मचा ठेवलेला तुकडा काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आजवर पाहिलेले सगळ्यात मोठे गोल. फुल्या इतक्या रेखीव की हाताने काढल्यासारख्या. बांधांवरून प्रकाश जात होता. यापेक्षा सुंदर काही मी पाहिलेलं नाही. आणि यावर ती रोज उतरत होती, वाटीने हंडा भरत होती.

दोर गुंडाळून खिळ्याला अडकवला.

संध्याकाळी बंकट आला. खिळ्याकडे पाहिलं. "हा किती किलोवर तुटला, मॅडम?"

"ओढला नाही."

"कावून?"

"यंत्राचे जबडे झिजलेत."

त्याने जबड्यांकडे पाहिलं. मागच्या आठवड्यात त्यानेच नवे बसवले होते. टोपी नीट केली आणि म्हणाला, "व्हय. झिजलेत खरं."